कुंपण, भिंत, अडसर : दिवाळीच्या शब्दकोड्याच्या कामाच्या नोंदी

रविवार, 3 ऑगस्ट 2025

वाचनालयाच्या दिवाळी पुस्तिकेतले शब्दकोडे यंदाही माझ्याकडे आले. छापखान्यात द्यायची तारीख 5 ऑक्टोबर. हातात दोन महिने. जाळी 13 बाय 13. विषय मी मागून घेतला: कुंपण, भिंत, तट, अडसर, जे जे आड येते ते सगळे.

मागून घ्यायला कारण घडले. गेल्या महिन्यात एका जुन्या कोड्यात ‘भिंत’ या उत्तराला ‘घराची बाजू’ एवढाच क्लू दिलेला पाहिला. उत्तर येते, पण भिंत कशाची, कुणी घातली, पलीकडे कोण राहते, यातले काही त्यात नाही. मला असे क्लू लिहायचे आहेत की उत्तर सापडले की ती वस्तू समोर दिसावी. कुंपणाचे शब्द त्यासाठी उत्तम, कारण प्रत्येकाला दोन बाजू असतात.

तासाभरात 38 शब्द वहीत उतरले: कुंपण, भिंत, तटबंदी, बुरूज, खंदक, कोट, परकोट, पडकोट, वेस, शीव, बांध, कठडा, कवाड, फाटक, अडसर, आगळ, अडणा, दिंडी, उंबरठा, कूड, पडदी, गडगा, वई... लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली. ‘ड’ सगळीकडे आहे. अडसर, अडणा, आड, आडकाठी, गडगा, कूड, कवाड, पडदी, पडकोट, कठडा. सगळ्यांचे मूळ एक नाही, पण कोडे रचणाऱ्याला ही पर्वणीच. जिथे शब्द शब्दाला छेदत नाही तिथे बहुतेक वेळा ‘ड’ कामाला येईल.

बुधवार, 6 ऑगस्ट

आज फक्त घरे मोजली.

आर्थर विन यांनी 21 डिसेंबर 1913 रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात पहिले कोडे दिले, तेव्हा एका घरात एक अक्षर, इतका साधा हिशेब होता. आपल्याकडे घरात बसते ते काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार घेऊन आलेले अख्खे अक्षर. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द जिथे भेटतात तिथे दोघांची मात्राही जुळावी लागते. ‘कुंपण’ तीन घरांचे, पण पहिल्या घरात ‘कुं’. त्या घरातून दुसरा शब्द न्यायचा तर कुंकू, कुंड, कुंचला, कुंभ इतकेच हाती लागतात. कुंकू घेतले.

भाच्याने घरे मोजणारा एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. ‘कुंपण’ची घरे त्याने बरोबर तीन मोजली. ‘जंग्या’ या शब्दाचे मात्र तीन तुकडे केले: जं, ग्, या. मी म्हटले, अरे, पाय मोडलेला ग एकटा घरात कसा राहील? तो म्हणाला, “मावशी, संगणकाला हलन्त दिसला की अक्षर संपलं असं वाटतं.” रात्री त्याने दुरुस्ती केली. तरी मी चौकटींच्या वहीवर पेन्सिलीनेच काम करणार आहे. प्रोग्राम शेवटच्या तपासणीला.

लेखनाचे एक ठरवून टाकले. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांप्रमाणे अकारान्त शब्दाचा उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातला, इकार-उकार दीर्घ: बुरूज, कूड, गावकूस. जुन्या पुस्तकांत ‘बुरुज’ सर्रास दिसतो, पण कोड्यात एकच रूप चालवायचे. शब्द नुसता असेल तर दीर्घ, प्रत्यय लागला की ऱ्हस्व: कूड, कुडाची. घरात नेहमी मूळ रूपच जाणार, म्हणून प्रश्न सुटला.

रविवार, 10 ऑगस्ट

दिवसभर मोल्सवर्थ (1857 ची दुसरी आवृत्ती) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश घेऊन बसले. गडकोटांचे शब्द आजच्या वाचकाला किती माहीत असतील, हीच चिंता. गड चढणारी मुले तटावर उभी राहून फोटो काढतात, पण पायाखालच्या वाटेला फांजी म्हणतात हे क्वचितच कुणी त्यांना सांगते. तटाच्या आतल्या अंगाने पहारेकऱ्याला फिरता यावे म्हणून ठेवलेली ती जागा. तटाच्या माथ्यावरची पाकळ्यांसारखी रांग म्हणजे चर्या. तटातली तिरपी भोके म्हणजे जंग्या. त्या आतून रुंद, बाहेरून अरुंद. आतल्याला खालचा माणूस दिसतो, खालच्याला आतला दिसत नाही.

‘चर्या’साठी जोडीदार शोधताना खूप अडले. ‘र्या’ हे अक्षर मधोमध असलेला शब्द हवा. आर्या, भार्या, सूर्या, सगळे वहीत लिहून खोडले. मग जेवताना सुचला: मर्यादा. ‘चर्या’ आडवा, ‘मर्यादा’ उभा, दोघांचे दुसरे अक्षर एकच. कोड्याचा विषय जाळीने आपणहून उच्चारल्यासारखे वाटले. हात धुऊन आधी पेन्सिल घेतली.

‘जंग्या’ मात्र सोडून दिला. ‘ग्या’ कुठेच नीट बसेना. त्याऐवजी एकवचन घेतले: जंगी. ‘गी’ वर वरून खाली येऊन संपणारा शब्द ‘परवानगी’, आणि ‘जं’ पासून खाली जाणारा ‘जंजिरा’. जंजिरा हे अरबी ‘जझीरा’चे आपल्या जिभेवरचे रूप, अर्थ बेट. तटातले भोक, समुद्रातला किल्ला आणि आत जायची मुभा, तीन शब्द एका कोपऱ्यात.

‘तटबंदी’ आणि ‘चिरेबंदी’ही एकमेकांत गुंतले, ‘बं’ या तिसऱ्या अक्षरावर.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांचे जे प्रकरण आहे, तेही पुन्हा वाचले. किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवाव्यात, असे ते बजावतात. भिंत बांधणाऱ्याने बाहेर पडायच्या वाटेचा विचार आधी करावा, हे त्या माणसाला किती पक्के ठाऊक होते! ‘चोरदिंडी’ घेतला, चार घरे. क्लू: ‘आज्ञापत्र म्हणते, गडाला हीही हवी, शत्रूला मात्र दिसायला नको.’

शुक्रवार, 15 ऑगस्ट

सुट्टी. दोन अर्थांच्या शब्दांचे क्लू लिहिले. मला यातच सर्वांत जास्त आनंद आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर.

चर्या : चेहऱ्यावरची भाव दाखवते, तटावरची माणूस लपवते.

दिंडी : वारीत असते तेव्हा चालते, दरवाजात असते तेव्हा वाकायला लावते. (मोठ्या दरवाजाच्या फळीत कापलेला छोटा दरवाजा. रात्री मोठा बंद, येणाऱ्याने डोके आधी आत घालायचे. असे येणाऱ्याला तलवार उपसता येत नाही.)

जंगी : नावाने प्रचंड, तटात मात्र वीतभर.

तट : नदीचा, गडाचा, आणि भांडणात पडणारा.

कोट : अंगावरचा काढता येतो. मुंबईचा 1860 च्या दशकात पाडला, तरी नाव राहिले. (फोर्टला जुनी माणसे ‘कोट’ म्हणत. भिंत गेली, दरवाजे गेले, पण कचेरीला जाणारा माणूस कितीतरी वर्षे ‘कोटात’च जात होता.)

शीव : आज इथे लोकल थांबते, पूर्वी इथे मुंबई संपायची.

आगळ : कोकमाचे बाटलीत, दाराची खोबणीत.

बांध : केसांना सांगितले तर आज्ञा, शेताला घातला तर हद्द.

शेवटचा मला तितका आवडलेला नाही. बांधावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, इंच इंच नांगरून बांध सरकवला जातो. त्या शब्दाला केसांचा क्लू हलका पडतो. बदलायचा.

‘कुंपणावर बसणे’ यावर क्लू करावा, असे घरून सुचवले गेले. वर्तमानपत्रांत ‘कुंपणावरचे आमदार’ रोज दिसतात. पण हे कुंपण इंग्रजीतून आलेले आहे. आपल्याकडे असा माणूस तळ्यात-मळ्यात करतो, किंवा दोन्ही डगरींवर हात ठेवतो. आपल्या कुंपणाला सरडा आहे, आणि शेत खाणारे कुंपण आहे. क्लू असा केला: ‘सरडा धावला तर इथवर, पण हेच खाऊ लागले तर शेत कुणी राखायचे?’

मंगळवार, 19 ऑगस्ट

यवतमाळच्या मैत्रिणीला फोन केला. ‘बांध’ म्हटल्यावर ती म्हणाली, “आमच्याकडे धुरा गं. बांध तुमच्या पुस्तकात.” धुऱ्यावर काय काय उगवते, धुरा कोरला की गावात काय होते, हे तिने पाऊण तास सांगितले. ऐकत राहावे असे बोलते.

म्हणजे एकाच गोष्टीला विदर्भात धुरा, देशावर बांध, कोकणात भाताच्या खाचरांमध्ये मेर. तिन्ही कोड्यात घ्यायचे तर रत्नागिरीच्या वाचकाला ‘धुरा’ कसा यावा? यावर आज नियम ठरवला आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिला: स्थानिक शब्दाचे फार तर एक घर मोकळे राहील, बाकीच्या प्रत्येक घरातून सगळ्या महाराष्ट्राला माहीत असलेला शब्द जायला हवा. ज्याला शब्द माहीत नाही त्याला तो जाळीतून मिळाला पाहिजे. कोडे म्हणजे परीक्षा नव्हे. एका भागाच्या माणसाला दुसऱ्या भागाचा शब्द हातात ठेवायचा, हा माझा हेतू.

‘धुरा’चे ‘रा’ मिळते ‘पहारा’तून, ‘धु’ मिळते ‘धुके’तून. क्लू लिहिताना एक गंमत सापडली. शेतातला धुरा पुल्लिंगी, कारभाराची धुरा स्त्रीलिंगी. म्हणून: ‘शेताचा पायाखाली, कारभाराची खांद्यावर.’ मैत्रिणीला पाठवला. तिने उलट उत्तर पाठवले ते फक्त एका शब्दाचे: धुरा. सुटला.

शुक्रवार, 29 ऑगस्ट (रत्नागिरी, गणपतीसाठी गावी)

आत्याकडे आहे. पाऊस सतत. वही प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरते.

घराभोवतीचा गडगा हिरव्या शेवाळाने आणि नेच्यांनी झाकून गेला आहे. जांभ्याचे दगड, एकमेकांवर नुसते रचलेले. आत्या पडवीतून म्हणाली, “अगो, त्याला चुना नाही, माती नाही. दगड दगडाला धरून बसलाय. चुना लावलात तर पाणी कुठून जाईल? पहिल्याच पावसात आडवा होईल.” हे मी आजवर कधी नीट पाहिले नव्हते. डोंगरावरून येणारे पाणी गडग्याच्या फटींतून झिरपत होते आणि गडगा जागचा हलत नव्हता. मोठे दगड तळाला, लहान वर, आणि फटीत कपच्या ठोकलेल्या. पाण्याला जाऊ द्यायचे, गुरांना नाही. एवढे शहाणपण त्या ओबडधोबड रचनेत आहे.

संध्याकाळी उलट उदाहरण आठवले. मुरुडजवळचा पद्मदुर्ग. तिथे समुद्राच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत आणि सांध्यांमधला चुना मात्र चौकटीसारखा पुढे उभा आहे. मी ते वीस वर्षांपूर्वी पाहिले, अजून डोळ्यांसमोरून जात नाही. एके ठिकाणी चुना नाही म्हणून भिंत टिकली, दुसरीकडे दगड गेला आणि चुनाच भिंत होऊन राहिला. दोन क्लू एकदम तयार झाले:

गडगा : चुना नाही, माती नाही; पाणी जाते, गाय जात नाही.

चुना : पद्मदुर्गावर दगड झिजला, हा राहिला.

आत्याच्या आवारात शिरायची जागा म्हणजे बेडे. ती म्हणते ‘बेडं’. दोन्ही बाजूंना भोके पाडलेले खांब, त्यांतून आडवे सरकवलेले बांबू. माणूस आला की दोन बांबू सरकवतो, वाकून आत येतो, पुन्हा लावतो. बिजागरी नाही, खिळा नाही. हा शब्द कोड्यात यायलाच हवा, पण ‘डे’ ने संपणारा जोडीदार सापडत नाही. रात्री कंदिलाशेजारी बसून (वीज गेली होती) बरेच शोधले. ‘वाडे’, ‘गाडे’, ‘पेढे’सुद्धा लिहून झाले. विषयाशी जोडलेला एकही नाही. बाजूला ठेवला.

घरामागची जुनी न्हाणी अजून कुडाची आहे. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यावर शेणामातीचा लेप. आत्याने लेप उकलला तिथून आतली काठी दाखवली. ‘कारवी’ घेतला: ‘सात वर्षांनी डोंगर निळा करते, मग घराची भिंत होते.’

रविवार, 7 सप्टेंबर

परत आले. विसर्जन काल झाले. आज सबंध दिवस जाळीवर.

‘वई’ ही आत्याने दिलेली. काटेरी फांद्यांची, झुडपांची कुंपणओळ. दोनच घरे: व, ई. नियमाप्रमाणे दोन्ही घरे पक्की हवीत. ‘ई’ वर वरून ‘मनाई’ आणली, ‘व’ मधून खाली ‘वसई’ सोडली. वसईला क्लू सरळ: ‘चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये सुरुंग लावून ज्याचा तट फोडला तो किल्ला.’ आता ‘वई’ कुणालाही येईल.

गोव्याचा एक शब्द घेतला: मानस. खाजन म्हणजे बांध घालून खारे पाणी अडवलेली शेतजमीन; तिच्या बांधात बसवलेले लाकडी दार. भरती आली की पाण्याच्या रेट्याने आपोआप मिटते, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. खारे पाणी शेतात येत नाही, पावसाचे साठलेले पाणी निघून जाते. माणसाने हात लावायचा नाही, चंद्र ते काम करतो. क्लू: ‘मनातले, आणि खाजनातले, दुसरे भरतीला मिटते.’

‘निवडुंग’साठी क्लू शोधताना मिठाच्या कुंपणाकडे वळले आणि दुपार त्यातच गेली. इंग्रजांनी मिठावरचा कर चुकू नये म्हणून हिंदुस्थानाच्या पोटातून एक जकातरेषा आखली होती. 1869 च्या सुमारास ती सिंधू नदीपासून महानदीपर्यंत 2300 मैल पसरली होती आणि तिच्यावर जवळजवळ 12,000 माणसे पहाऱ्याला होती. या रेषेच्या मोठ्या भागावर त्यांनी जिवंत कुंपण वाढवले: बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग, थोर. ते नीट वाढावे म्हणून ज्यांनी सर्वांत जास्त खटपट केली ते अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. पुढे 1885 मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत अग्रभागी राहिले ते हेच. ही रेषा 1879 मध्ये सोडून देण्यात आली.

आपल्या रानातली रोजची झाडे. करवंदे आपण पोरवयात ओच्यात भरून आणली. त्याच जाळ्या गरिबाच्या भाकरीवरच्या मिठासाठी राखण करत उभ्या होत्या. यावर दोन शब्द घेतले. ‘मीठ’ : ‘हे राखण्यासाठी इंग्रजांनी करवंदीच्या जाळ्या पेरल्या.’ आणि ‘निवडुंग’ : ‘त्या कुंपणातला हिरवा शिपाई, पाणी नको, पगार नको.’

‘ताटी’ही आज लिहून झाली. कामट्यांचे हलके दार. क्लू: ‘ज्ञानेश्वर आत, मुक्ताई बाहेर, मध्ये काय?’ आणि ‘भिंत’ : ‘चांगदेव वाघावर बसून आले, चौघे भावंडे हिच्यावर बसून सामोरी गेली.’ हे दोन क्लू जाळीत जवळजवळ ठेवायचे. एकाच घरातल्या दोन अडथळ्यांची गोष्ट आहे. एक लेकीच्या बोलण्याने उघडला, एक स्वतःच चालत गेला.

रविवार, 14 सप्टेंबर

आज जाळीचा खालचा उजवा भाग. वर ‘निवडुंग’ आडवा. त्याच्या शेवटच्या ‘ग’ पासून ‘गडगा’ उभा. ‘गडगा’च्या ‘गा’ पासून ‘गावकूस’ आडवा. ‘गावकूस’मधल्या ‘कू’ पासून ‘कूड’ उभा खाली. काट्याचे कुंपण, रचलेल्या दगडाचे, गावाची भिंत, झोपडीची भिंत, चारही एका साखळीत. मात्रांची इतकी सरळ जुळणी सगळ्या जाळीत दुसरी नाही.

‘गावकूस’ला क्लू लिहिला: ‘गावाचे रक्षण करणारी भिंत.’ शब्दकोशाला धरून होता. संध्याकाळी मसुदा वाचनालयात ठेवून आले.

मंगळवार, 16 सप्टेंबर

ग्रंथपाल काकांनी बोलावून घेतले. मसुदा पुढे ठेवला आणि त्या एका ओळीवर बोट ठेवले. म्हणाले, “ताई, कुणाच्या गावाचं रक्षण? माझी आजी आयुष्यभर या भिंतीच्या बाहेर राहिली. तिचं रक्षण कोण करत होतं?”

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे नव्हतेच. पहिल्या दिवशी याच वहीत लिहिले होते की भिंतीला दोन बाजू असतात, आणि क्लू लिहिताना मी एकाच बाजूला उभी राहिले.

काकांनीच मग चोखोबांची आठवण काढली. परंपरा सांगते ती अशी: मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. बांधायला मजूर म्हणून चोखोबा होते. भिंत कोसळली, कित्येक मजूर ढिगाऱ्याखाली गेले, त्यांत तेही गेले. साल 1338. नामदेव अस्थी शोधायला आले आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला घेऊन गेले. समाधी आहे ती महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर. देवळाच्या आत नाही. पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले. मधली सहाशे नऊ वर्षे.

ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नाही, ती भिंत उभारण्याचे काम मात्र त्यांचे. आणि जीव गेला तो तिच्याखाली.

रात्री उशिरापर्यंत क्लू लिहीत होते. सात-आठ खोडले. काही फार लांब, काही नुसते दुःख दाखवणारे. कोड्यातला क्लू वाचणारा माणूस चहाचा कप हातात घेऊन बसलेला असतो, त्याला थांबवायचे तर एकाच साध्या वाक्यात. शेवटी ठरला तो:

गावकूस : चोखोबांनी बांधले, चोखोबांवर पडले, आत घर मात्र त्यांचे नव्हते.

सकाळी काकांना फोनवर वाचून दाखवला. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “‘कूड’ खालीच येतोय ना त्याच्या? तिथेही बघा जरा.”

बुधवार, 17 सप्टेंबर

‘कूड’चा क्लू बदलला. आधी ‘शेणामातीने लिंपलेली झोपडीची भिंत’ होता. आता: ‘वरच्या दगडी भिंतीच्या बाहेर राहणाऱ्यांची भिंत.’ उत्तर काढणाऱ्याला आधी गावकूस सोडवावे लागेल, मग ‘कू’ मिळेल, मग कूड. हा क्रम मला हवा आहे. शब्द खरोखरच त्या घरात एकमेकांना भेटतात.

‘बांध’चा क्लूही आजच बदलला: ‘भावाभावांत असतो, दर नांगरटीला बोटभर सरकतो.’

‘उंबरठा’, ‘फाटक’, ‘कवाड’, ‘खंदक’, ‘अडसर’ यांचे क्लू साधेच ठेवले. पाच-सहा सोपे शब्द नसतील तर माणूस जाळीत शिरणार कुठून?

रविवार, 28 सप्टेंबर

चाचणी. तिघांनी सोडवले: काकांची नववीतली नात, शेजारचे निवृत्त गुरुजी, आणि फोनवर यवतमाळची मैत्रीण.

गुरुजींनी पन्नास मिनिटांत संपवले, पण ‘जंगी’वर अडले. त्यांनी ‘जंग्या’ ऐकले होते, एकवचन कधी वापरले नव्हते. ‘परवानगी’ सुटल्यावर आला. त्यांचे म्हणणे की क्लूमध्ये ‘एकच’ हा शब्द घालावा. बरोबर आहे, घातला: ‘नावाने प्रचंड, तटात मात्र वीतभर, अनेकांतले एकच.’

नातीला ‘वई’ माहीत नव्हती. ‘मनाई’ आणि ‘वसई’ भरल्यावर दोन अक्षरे समोर आली, तर ती खोडायला निघाली. “असा शब्द असतो?” म्हणून काकांकडे पळाली. असतो म्हटल्यावर तिने मला विचारले की कशाची करतात, काटे टोचत नाहीत का, पावसात कुजते का. मला जे आत्याने सांगितले ते मी तिला सांगितले. ‘गडगा’मध्ये तिला ग आणि गा मिळाले, मधले घर मोकळे. तिने ‘गवगा’ लिहिले. मधल्या घराला आधार नाही, ही माझी चूक, आणि अशी चूक मुलांकडूनच कळते. क्लूला शेपूट जोडले: ‘...कोकणातला, मधले अक्षर गडातले शेवटचे.’ फार सोपे झाले असे वाटले, पण राहू दे. हा शब्द तिच्यापर्यंत पोहोचणे जास्त महत्त्वाचे.

मैत्रिणीला ‘मेर’ आवडला नाही. तिचे म्हणणे, क्लूमध्ये भात नाही तर विदर्भातला माणूस कसा ओळखणार? क्लूत भात घातला.

‘गावकूस’ तिघांनीही सोडवला. त्याबद्दल कुणी काही बोलले नाही. नातीच्या कागदावर त्या चार घरांतली अक्षरे इतरांपेक्षा ठळक गिरवलेली आहेत.

शनिवार, 4 ऑक्टोबर

परवा दसरा झाला. उद्या छापखाना. जाळी पक्की, 46 शब्द, प्रोग्रामने तपासलेली, मात्रांसकट. ‘बेडे’ अजून बाहेरच.

दुपारी आत्याचा फोन. कोडे झाले का विचारत होती. म्हटले, तुझा गडगा आला, वई आली, कारवी आली, बेडे काही बसत नाही. तिला फार वाईट वाटले असे नाही. म्हणाली, “नसेल बसत तर राहू दे. पण हल्ली लोखंडी गेटं झाली सगळीकडे, पोरांना बेडं माहीत नाही.” मग तिने सहज सांगितले की पडवीचे कठडे कुजले, गेल्या आठवड्यात सुतार बोलावून नवे बसवले.

फोन ठेवल्यावर पाचेक मिनिटांनी कळले.

जाळीत वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ ‘कठडा’ आहे. त्याचा ‘डा’ कुठल्याही उभ्या शब्दात नाही, मोकळा आहे, आणि वर दोन काळी घरे आहेत. ‘कठडा’चे ‘कठडे’ केले, लगतचे एक काळे घर उघडले, आणि ‘बेडे’ वरून खाली उतरून ‘डे’ वर बसला. आजूबाजूला कुठेही नको तो शब्द तयार झाला नाही. तीनदा पाहिले, मग प्रोग्रामलाही विचारले.

क्लू बदलले:

कठडे (अनेकवचन) : पडवीला असतात, जिन्याला असतात, वाकून पाहणाऱ्याला सावरतात.

बेडे : कोकणातले दार, बिजागरी नाही, खिळा नाही, बांबू सरकवा आणि वाकून आत या.

शब्द 47 झाले. आकडे पुन्हा घातले, उत्तरांची जाळी पुन्हा काढली. सकाळी नऊला काका छापखान्यात घेऊन जातील. एक प्रत आत्याला टपालाने पाठवायची आहे, बेडे सोडवलेले नाही अशी.